पंपांना नाही म्हणायला शिकवणारे साहेब

आमच्या ऑफिसात फोन उचलला की कुणी ‘हॅलो’वर थांबत नसे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "काल डब्यात भाजी कसली होती?"

आणि पलीकडून आमचे साहेब, पन्नाशी ओलांडलेले, चार लोकांत मान असलेले इंजिनियर, पाढा म्हणावा तितक्या गांभीर्यानं सांगायचे, "माझ्या डब्यात घोसाळी. तुमच्या डब्यात वांगं, आणि ते तुम्ही अर्धं टाकलंत. आता ऐका. दुसऱ्या टप्प्याचा एक पंप बंद करा."

मगच पंप बंद व्हायचा. भाजी चुकली तर प्रत्यक्ष मंत्र्यांचा फोन असला तरी पंप चालूच राहायचा. साहेबांचं म्हणणं असं, की आवाज कुणाचाही काढता येतो, नाव कुणाचंही सांगता येतं, पण आपल्या पंक्तीला बसून जेवलेला माणूस कोण, ते जेवलेल्यालाच ठाऊक.

तुम्हाला हे वेड वाटत असेल. आम्हालाही वाटायचं. फरक एवढाच की आम्हाला त्या वेडाचा पगार मिळायचा.

आमची योजना उपशाची. कृष्णेचं पाणी उचलायचं आणि पूर्वेकडं, वडूजच्याही पुढं, माण तालुक्याच्या माळावर नेऊन सोडायचं. एवढा चढ पाणी एका दमात चढत नाही, म्हणून टप्पे. प्रत्येक टप्प्याला पंपगृह, त्याच्या वर टेकडीवर हौद, त्या हौदातून पुढच्या टप्प्याचं पाणी. आणि या सगळ्या पसाऱ्यावर साताऱ्यातल्या एका थंडगार खोलीतून नजर ठेवायची. तिथं भिंतभर स्क्रीन. साताऱ्यात बटण दाबलं की माळावरची मोटार घुमायला लागणार. तारा, मोबाईलचे टॉवर, कंट्रोलर, ही सगळी गुंफण रचणं साहेबांचं काम. मी विजेच्या बाजूचा उपअभियंता, म्हणजे मोटार जळाली की सगळ्यात आधी रडणारा माणूस.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमची परीक्षा घेतली. आम्हाला अर्थातच न सांगता. साहेब सांगलीचे, तरुणपणी नाटकांत कामं केलेले, आणि नकला तर अशा करायचे की ज्याची नक्कल त्यालाच स्वतःचा संशय यावा. आमचे मोठे साहेब घसा खाकरून, ‘हां, तर असं बघा’ म्हणत बोलायचे. एक दिवस दुसऱ्या टप्प्याच्या ऑपरेटरला फोन गेला, "हां, तर असं बघा, तिसरा पंपसुद्धा चालू करून टाका."

त्यानं केला. मग साहेब त्याच पंपगृहाच्या मागच्या खोलीतून रुमालानं तोंड पुसत बाहेर आले.

"पंप कुणी चालू केला?"

"मी, साहेब."

"कुणी सांगितलं?"

"मोठ्या सायबांनी. आत्ताच फोन आल्ता."

"मोठे साहेब डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेलेत. फोन मी केला होता." आणि मग, अगदी हळू, "चोर कडी तोडून आत आला तर कळतं हो. चोर घरातल्याच माणसाचा आवाज काढून बोलला, तर काय करणार?"

ऑपरेटर बिचारा म्हणाला, "आवं साहेब, मग तुमी तरी तुमीच हाय कशावरनं?"

साहेबांचा चेहरा असा खुलला, की मुलगा बोर्डात आला असता तरी इतका खुलला नसता. "शाब्बास! हेच! मला हेच विचारायचं!" भाजीचा नियम त्या दुपारी जन्माला आला.

त्यांनी रचलेली यंत्रणा मी साध्या भाषेत सांगतो, कारण अवघड भाषेत ती मला कधी कळली नाही. वरून हुकूम आला म्हणून पंपगृहानं तो ऐकायचा नाही. आधी स्वतःच्या मनाशी हिशेब करायचा. हौद भरलाय असा निरोप आलाय, पण तो भरण्याएवढं पाणी मी वर पाठवलंय का? मग खालच्या पंपगृहाला विचारायचं, वरच्याला विचारायचं. सगळ्यांचं म्हणणं जुळलं तर हुकूम पाळायचा. नाही जुळलं तर मोटारी सावकाश थांबवायच्या आणि पॅनेलवर लाल दिव्याखाली अक्षरं उमटवायची, ‘मेळ बसत नाही’. त्यानंतर साताऱ्यातून कितीही बटणं बडवा, पंप ढिम्म. कुणीतरी जिवंत माणसानं टेकडी चढून जायचं, हौदात वाकून पाणी डोळ्यांनी बघायचं, खाली येऊन पॅनेलमधली किल्ली फिरवायची, मग पुढचं.

"म्हणजे साताऱ्याचंसुद्धा ऐकायचं नाही?" मोठ्या साहेबांनी विचारलं होतं.

"साताऱ्याचं तर मुळीच नाही. चोराला बसायला सगळ्यांत चांगली खुर्ची तीच आहे."

मोठे साहेब त्या वेळी त्याच खुर्चीत बसले होते. ते नंतर बराच काळ चुळबुळत होते.

घरीही हाच कारभार. वहिनी त्यांना फोन करायच्या तेव्हा पलीकडून काय विचारलं जात असेल ते आम्हाला अलीकडच्या उत्तरावरून कळायचं. "काल? काल शेपू. हो, मला आवडत नाही तरी केलीस. बोल." लग्नाच्या वयाची मुलगी घरात होती, तिची मैत्रीण फोनवर रडवेली व्हायची, कारण काकांना भाजी सांगितल्याशिवाय मुलगी फोनवर येत नसे. वहिनी हसून म्हणायच्या, "भावजी, आमच्याकडं देव प्रसन्न झाला ना, तरी हे त्याला आधी भाजी विचारतील."

गेल्या पावसाळ्यात वहिनींचा सकाळी फोन आला. मी नाव बघून उचलला आणि नुसतं "वहिनी" म्हणालो. पुढचं मी विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या. "काल भाजी केलीच नाही, भावजी. आम्ही दवाखान्यात होतो." साहेब गेले, हे मला तेवढ्यावरूनच कळलं.

तर अशा माणसाच्या यंत्रणेवर पहिला हल्ला कुणी केला असेल? चीननं? रशियानं? छे. झेंडूच्या माळेनं.

चौथ्या टप्प्याला आमचे एक ऑपरेटर होते. फौजेतून आलेले, माणचेच, मिशा कायम सावधान स्थितीत. त्यांना सगळे सुभेदार म्हणत. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. पंपगृहात मोटारी धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून, हार घालून उभ्या करतात. सुभेदारांनी मोटारींची पूजा केली, पान्यांची केली, शिडीची केली, मग त्यांना वरच्या हौदावरचा तो छोटा डबा आठवला. पाण्याच्या डोक्यावर टांगलेला, आवाजाची लाट खाली सोडून पाणी किती आहे ते मोजणारा. टेकडी चढून सुभेदार गेले आणि त्यांनी त्याच्या गळ्यात घसघशीत हार घातला. हार त्याच्या तोंडासमोर लोंबकळला. यंत्राला वाटलं, पाणी पार नाकाशी आलं. हौद भरला!

खालच्या पंपगृहानं हिशेब केला. मी तर एवढं पाणी पाठवलंच नाही. मेळ बसत नाही. चौथा थांबला, त्याचं बघून तिसरा, तिसऱ्याचं बघून दुसरा थांबला, ऐन सणाच्या तोंडावर योजना मान खाली घालून उभी.

साहेब नवी पँट घालून साताऱ्याहून धावत आले. टेकडी चढले. तो हार बघितला. मला वाटलं, आता सुभेदारांची नोकरी जाते.

"सुभेदार, हे काय आहे?"

"पूजा, साहेब. समद्या हत्यारांची झाली. ह्यो येकटाच उघड्यावर ऊन-पाऊस खातोय, त्याला कसं सोडायचं? वाईट वाटंल त्याला."

साहेबांनी चपला काढल्या, हार उतरवला, त्या डब्याला वाकून नमस्कार केला आणि मग हसायला जे लागले ते खाली बसेपर्यंत. "सुभेदार, अहो, तुम्ही खोटा निरोप दिलात आणि माझं एकही पंपगृह फसलं नाही! एकही नाही!" त्यांनी सुभेदारांना मिठी मारली. सुभेदार त्या मिठीतही ताठ उभे होते.

पण गोष्ट पसरली. झेंडूनं योजना बंद पाडली, हे वडूजच्या बाजारापासून साताऱ्याच्या कचेरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झालं. पंप क्षणभर कुरकुरला की कुणीतरी म्हणणारच, "बघा रं, कुणी हार घातलाय का." साहेबही हसायचे. चांगला विनोद होता. तो आपल्याला महागात पडेल हे तेव्हा कुणाच्या मनात यावं?

उन्हाळी आवर्तन चालू होतं. आवर्तन म्हणजे पाणी सोडण्याची पाळी. अलीकडच्या गावांची भिजवणं आटपत आली होती आणि आता पाणी शेवटच्या टोकाला, माणच्या डाळिंबांना आणि चाऱ्याला जाणार होतं. दुपारची वेळ. साताऱ्याच्या खोलीत ड्यूटीवर एक मॅडम, हातात चहाचा कप. साहेब आणि मी मागं बसून डबा खात होतो. स्क्रीनवर सगळं हिरवं. सगळे पंप निवांत चालू, सगळ्या झडपा उघड्या.

फोन वाजला. भाजी सांगून झाली आणि सुभेदार म्हणाले, "साहेब, वरची झडप मिटायचा हुकूम आलाय. पर खालनं तर पाणी येतंय. पॅनेल म्हंतंय, मेळ बसत न्हाई. ऐकतच न्हाई."

तोवर दुसरा फोन तिसऱ्या टप्प्याचा. त्याला सगळ्या मोटारी एकदम पूर्ण जोरात सोडण्याचा हुकूम आला होता. त्याचंही पॅनेल नाही म्हणत होतं.

साहेबांनी घास खाली ठेवला. "मॅडम, हे हुकूम तुम्ही दिलेत?"

"सर, मी चहा पितेय," मॅडम कप दाखवत म्हणाल्या.

खालून सगळं पाणी जोरात सोडायचं आणि वरचं दार धाडकन लावायचं. पाणी जाणार कुठं? पाइप फोडून बाहेर येणार. विजेच्या माणसालाही हे कळतं. आणि स्क्रीन मात्र साळसूदपणे हिरवा.

साहेब उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि तरीही, खोटं कशाला सांगू, त्यावर आनंद होता. जन्मभर दार उघडं ठेवून ज्यांची वाट बघितली ते पाहुणे अंगणात दिसल्यासारखा. ते एवढंच म्हणाले, "आले." आणि स्वतःच्या हातानं साताऱ्याच्या संगणकाची केबल उपटली.

त्यानंतर योजना हातानं चालली. एकेका हौदावर माणूस चढायचा, पाणी बघायचा, फोन करायचा, भाजी सांगायचा. असं पाणी चालतं, पण बैलगाडीच्या वेगानं. साताऱ्याचा संगणक तज्ज्ञांनी उघडून बघेपर्यंत साहेब केबल लावू देईनात. आवर्तन रेंगाळलं. शेवटच्या टोकाची पाळी आली तेव्हा नदीतून पाणी उचलायची मुदत संपली होती. माणच्या बागांनी माना टाकल्या, आणि ट्रॅक्टर भरभरून लोक कचेरीवर आले.

इथं आणखी एक जण रंगमंचावर येतो. संगणकांची देखभाल करणारा एक हसतमुख तंत्रज्ञ. मोठ्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं, काहीही कर पण लवकर चालू कर. साहेब हौदांवर फिरत असताना हा आला आणि त्यानं आपल्याकडं सगळ्या दुखण्यांवर जो एक उपाय करतात तो केला. साहेब परत आले तेव्हा तो अभिमानानं म्हणाला, "सर, फॉरमॅट मारून दिला. एकदम नवीन. आता बघा कसा पळतोय."

पॅनेलना फक्त आपण नाही म्हणालो एवढंच लक्षात राहायचं. हुकूम कुठून आला, संगणकात कोण शिरलं होतं, त्याचा माग होता तो त्या एका संगणकात. साहेब खुर्चीवर बसले. त्या मुलावर ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पोहे खाल्लेस का?"

बैठक झाली. एका बाजूला माणचे लोक, दुसऱ्या बाजूला अधिकारी, मधे साहेब. एवढं मोठं सभागृह त्यांना नाटकातसुद्धा मिळालं नव्हतं.

"पाइप फुटला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मोटार जळाली?"

"नाही."

"हां, तर असं बघा, मग हल्ला झाला कुठं?"

"झाला, पण लागला नाही. लागू नये म्हणूनच तर..."

मागून कुणीतरी म्हणालं, "आवं, हार बघा कुटं लोंबतोय!" आणि सगळं सभागृह हसलं. साहेबांना त्या हशाची सवय होती. हसणाऱ्यांत स्वतः सामील नसण्याची नव्हती.

माणचे एक डाळिंबवाले आण्णा उठले. ते हसत नव्हते. "साहेब, तुमी शिकलेलं. हल्ला झाला असंल, आमी न्हाई म्हनत न्हाई. पर आमास्नी दिसलं ते येकच. पाणी कुनी अडवलं? चोरानं न्हाई. तुमच्या मशिनीनं."

ते खरंच होतं. अडवलं त्यांच्याच यंत्रणेनं होतं. ठरलं, की पंपगृहांची ही नाही म्हणायची सोय काढून टाकायची.

बाहेर पायरीवर मी त्यांना गाठलं. मला राग आवरत नव्हता. म्हणालो, "साहेब, तुम्हाला नकला येतात ना? मग एकदा तोच हुकूम तुम्ही पाठवा. आधी हा नकार काढा, मग पाठवा. फुटू दे एखादा पाइप. त्यांच्या डोळ्यांदेखत फुटू दे. मग पेढे घेऊन येतील."

"येतील," साहेब म्हणाले. "मोटार जळाली असती तर आजच आणले असते." मग त्यांनी चष्मा पुसला. "पाइपाच्या कडेनं धनगरांच्या वस्त्या आहेत हो. मेंढरं आहेत, पोरं आहेत. मी खरा ठरायला कुणाचं तरी घर वाहून जायला हवं. असा खरा मला नाही ठरायचं."

त्या पायरीवर त्यांना टाळी मिळायला हवी होती. मी एकटाच होतो, आणि मला ते सुचलं नाही. हळहळ आहे ती याचीच.

किल्ल्या काढायला ठेकेदाराची माणसं जाणार होती. साहेब म्हणाले, मी बसवल्यात, मीच काढतो. दुसरा कुणी तारा तोडेल. आम्ही दोघं नदीपासून निघालो. प्रत्येक पंपगृहात ते पॅनेल उघडायचे, आत काहीतरी सोडवायचे, किल्ली काढून घ्यायचे आणि दार अलगद लावायचे, आत कुणी निजलं असावं तसं. चौथ्या टप्प्यावर सुभेदार सावधानमध्ये उभे होते.

"साहेब, मशीन गेली तर जाऊ द्या. आमी हाय की हितं. डोळं उघडं ठिवून."

"तुम्ही आहात हो. पण तुम्ही निवृत्त झाल्यावर?"

सुभेदारांना अडीच वर्षं राहिली होती. ते आता घरी असतात. त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही, कारण आता सगळं मोबाईलवरून चालतं, मोठ्या साहेबांच्या जागी आलेल्या साहेबांच्या अंगठ्यानं. पाणी जातंय. अजूनपर्यंत काही झालेलं नाही. मी रोज पेपर उघडताना साहेब चुकलेले असू देत अशी इच्छा करतो. ज्या माणसावर आपला जीव होता त्याच्यासाठी हे मागावं लागतं.

शेवटचं पंपगृह माणात. तिथली किल्ली काढून झाली तेव्हा उन्हं उतरत होती. तिथून लोखंडी पाइप टेकडीच्या अंगानं वर हौदापर्यंत गेलेला, आणि त्याच्या अगदी कडेला एक नवं घर उभं राहत होतं. भिंती झालेल्या, स्लॅब पडायचा होता. आम्हाला बघून घरातून आण्णा बाहेर आले. तेच, डाळिंबवाले. हात जोडून म्हणाले, "काढलं नव्हं ते, साहेब?"

"काढलं."

"बरं झालं. त्या दिवशी लय बोललो मी तुमास्नी. मनात ठिवू नका." त्यांनी साहेबांचा हात धरला. "बघा की घर. पाणी आलं म्हून बांधतोय. पोरगा ममईत टॅक्सी चालवतोय, त्यो म्हनला, आता येतो माघारी."

साहेब घरात शिरले. खोल्यांतून फिरले. पाइपाच्या बाजूच्या खोलीत थांबले, भिंतीवर हात ठेवून.

"ही खोली कुणाची?"

"झोपायची. पोराची, सुनंची. नातवंडं बी हितंच."

"आण्णा, एक सांगू? इथं गोठा घ्या. किंवा नुसती अडगळ ठेवा. झोपायची खोली पलीकडच्या अंगाला काढा."

"का वो?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय जगात कशावरही विश्वास न ठेवणारा तो माणूस, घडलेलं नाही आणि कदाचित घडणारही नाही असं काय सांगणार होता? ते म्हणाले, "पाइपातून पाणी जायला लागलं की आवाज येतो. झोप लागत नाही."

आण्णा हसले, अगदी मनापासून. "आवं साहेब, ह्या आवाजाची वाट बघण्यात आमच्या बापाचा जलम गेला. म्हून तर मुद्दाम हितं बांधली ही खोली. त्यो आवाज आला, की लय ग्वाड झोप लागती आमास्नी."

पाइपातून पाणी चाललं होतं. आण्णांनी भिंतीला कान लावला आणि साहेबांनाही लावायला सांगितला. साहेबांनी लावला.